ईपीएबीएक्स आणि मेल क्लाउडवर नेताना: कामाचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

बेळगावच्या उद्यमबागेतील फौंड्र्या, मच्छे आणि होनगा येथील कारखाने, निपाणीच्या तंबाखूच्या वखारी, रविवार पेठेतील घाऊक दुकाने अशा अनेक ठिकाणी सध्या भिंतीवरची जुनी ईपीएबीएक्स पेटी (कार्यालयातील सर्व फोन आपसांत आणि बाहेरच्या लाइनशी जोडणारी) उतरवून कार्यालयाचे फोन आणि मेल क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून चालणाऱ्या सेवेवर, नेण्याचे काम चालू आहे. हे काम बिघडते ते बहुधा तंत्रामुळे नव्हे, तर क्रम उलटा झाल्यामुळे. आधी वर्षाचे पैसे भरले जातात, मग फोनसंच येतात, मग इंटरनेटची तक्रार सुरू होते आणि सर्वांत शेवटी कोणाच्या तरी लक्षात येते की वीस-पंचवीस वर्षे चालत आलेला लँडलाइन क्रमांक नव्या सेवेत जातच नाही.

हा शेवटचा मुद्दा सर्वांत आधी समजून घ्यावा, कारण पुढचे सगळे निर्णय त्याच्यावर अवलंबून आहेत. मोबाइल क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. लँडलाइनसाठी अशी सोय नाही. ०८३१ ने सुरू होणारा आपला क्रमांक ज्या दूरसंचार कंपनीचा आहे, तिच्याकडेच तो राहतो. विक्री प्रतिनिधी ‘नंबर पोर्ट करून देऊ’ असे म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा कॉल वळवण्याविषयीच बोलत असतो.

टप्पा १: आहे त्याची यादी

यादीचे काम कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच ते टाळले जाते. दोन बाजूंनी सुरुवात करावी: लेखा विभागाकडून मागील बारा महिन्यांची दूरध्वनीची सर्व बिले मागवावीत, आणि दुसरीकडे जिथे बाहेरच्या तारा इमारतीत येतात त्या क्रोन पेटीपासून (तारांच्या जोड्या वाटून देणाऱ्या पेटीपासून) प्रत्येक जोडी कुठे जाते ते प्रत्यक्ष पाहावे. दोन्ही याद्या पहिल्याच फेरीत जुळल्या तर ते नवल समजावे. बिल येत असलेली एखादी लाइन कुठेच सापडत नाही, आणि चालू असलेली एखादी लाइन भलत्याच जुन्या भागीदाराच्या नावावर निघते.

फोनसंचाशिवाय त्या तारांवर आणखी काय टांगलेले आहे, हे विशेष काळजीने पाहावे. कारखान्यात पुढील गोष्टी हमखास राहून जातात:

– फाटकावरचा आणि वजनकाट्यावरचा इंटरकॉम
– लिफ्टमधला आपत्कालीन फोन
– चोरीची किंवा आगीची सूचना देणारे, स्वतःहून क्रमांक फिरवणारे यंत्र
– लाइनवर चालणारे जुने कार्ड स्वाइप यंत्र आणि फॅक्स
– मोल्डिंग शॉपमधला (साचे बनवण्याच्या विभागातला) भोंगा, जो ईपीएबीएक्सच्या एका एक्स्टेंशनवर वाजतो

यांतील बरीच उपकरणे क्लाउडवर थेट चालत नाहीत. फाटकावरचा साधा फोन त्याला इंटरनेटशी जोडणाऱ्या एका छोट्या ॲडॅप्टरवरून चालवता येतो; फॅक्सवर विसंबू नये; आगीची सूचना देणारे यंत्र मात्र इंटरनेटवर न टाकता सिमकार्डवर चालणाऱ्या यंत्राने बदलावे.

यानंतर क्रमांक कुठे कुठे लिहिलेला आहे ते नोंदवावे. पाटी, लेटरहेड, टॅलीतील बिलाचा नमुना, गूगलवरील नोंद, जीएसटी पोर्टल, बँक, हेस्कॉम या वीज कंपनीचे खाते ही सगळी ठिकाणे आपण बदलू शकतो. चंदगड-गडहिंग्लजच्या विक्रेत्यांच्या खिशातील डायऱ्या आपण बदलू शकत नाही. म्हणून मुख्य क्रमांक जिवंत ठेवण्याचा खर्च हिशेबात आधीच धरावा.

शेवटी एक आठवडा स्वागतकक्षात साधी वही ठेवावी आणि प्रत्येक कॉलची वेळ, विभाग व भाषा यांच्या खुणा करून घ्याव्यात. एकाच वेळी जास्तीत जास्त किती कॉल चालू होते, हा या वहीतून मिळणारा सर्वांत कामाचा आकडा आहे. तीस एक्स्टेंशन असलेल्या कार्यालयातही एकाच वेळी सहा-सात बाहेरचे कॉल क्वचितच असतात, आणि तरीही तीस जणांचे पूर्ण परवाने विकत घेतले जातात.

तपासा: यादीतील प्रत्येक लाइनसमोर बिलावरचे नाव, प्रत्यक्ष जागा, जोडलेले उपकरण आणि ‘ठेवायची की सोडायची’ हा निर्णय लिहिला आहे का? एक जरी रकाना रिकामा असेल तर पुढे जाऊ नये.

टप्पा २: मुख्य क्रमांकाचे काय करायचे

तीन मार्ग आहेत आणि ते पुढील क्रमानेच पडताळावेत.

पहिला मार्ग म्हणजे ज्या कंपनीचा क्रमांक आहे, तिलाच तांब्याच्या तारेऐवजी फायबरवर किंवा सिप ट्रंकवर (इंटरनेट पद्धतीने येणाऱ्या फोनलाइनवर) तोच क्रमांक देता येईल का, हे लेखी विचारणे. होकार मिळाला तर निम्मे काम झाले. उत्तर एक्स्चेंजच्या क्षमतेवर अवलंबून असते, त्यामुळे काउंटरवरच्या तोंडी ‘होईल साहेब’वर पुढची खरेदी करू नये.

दुसरा मार्ग कॉल वळवण्याचा. जुनी लाइन तशीच ठेवून तिच्यावर येणारा प्रत्येक कॉल नव्या क्लाउड क्रमांकाकडे वळवायचा. हा सर्वांत सोपा मार्ग आहे, पण त्याच्या तीन मर्यादा आधी तपासाव्या लागतात: वळवलेल्या कॉलचे पैसे आपल्या बिलात येतात का, फोन करणाऱ्याचा खरा क्रमांक पुढे दिसतो की आपलाच जुना क्रमांक दिसतो, आणि पहिला कॉल चालू असताना दुसरा आला तर तो वळतो की व्यस्त ऐकू येतो. तिसऱ्या मर्यादेचा फटका सकाळी अकराच्या सुमारास बसतो, जेव्हा ऑर्डर आणि गाडीची चौकशी एकाच वेळी सुरू असते.

तिसरा मार्ग गेटवेचा. जुनी तार एका छोट्या पेटीत घालून तो कॉल कार्यालयातील नव्या फोनवर घेता येतो. ही जोडणी त्याच कार्यालयापुरती आणि सेवादात्याच्या लेखी संमतीनेच ठेवावी.

सावधान: बेळगावच्या लाइनवर आलेला कॉल स्वतःच्या इंटरनेटवरून कोल्हापूरला किंवा मुंबईला नेऊन तिथल्या सार्वजनिक लाइनवर उतरवणे याला टोल बायपास म्हणतात आणि दूरसंचार नियमांनुसार ते चालत नाही. अनेक सिमकार्डे भरलेली पेटी ‘स्वस्त कॉलिंग’ म्हणून कोणी देऊ केली, तर तिला दारातूनच परत पाठवावे.

नवा क्रमांक घेताना तो कोणत्या एसटीडी कोडचा मिळणार, हेही विचारावे. मुख्यालय बेंगळुरूला असलेले सेवादाते सवयीने ०८० चा क्रमांक देतात. जाहिरातींच्या कॉलना वैतागलेले खानापूरचे किंवा चिकोडीचे ग्राहक ०८० दिसताच फोन कापतात. तोच फोन ०८३१ वरून गेला तर उचलतात. बेळगावचा कोड मिळत नसेल तर दुसरा सेवादाता पाहावा, असेच माझे मत आहे. दरमहा शे-दोनशे रुपये वाचवण्याच्या नादात न उचललेल्या कॉलचा हिशेब कोणी ठेवत नाही.

लँडलाइन क्रमांकावर व्हॉट्सॲप बिझनेस चालवणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना आहे. नव्या मोबाइलवर ते खाते पुन्हा सुरू करताना पडताळणीचा संकेतांक आवाजी कॉलने त्या लँडलाइनवर येतो. तोपर्यंत लाइन वळवलेली असेल तर तो कॉल ‘विक्रीसाठी १ दाबा’ ऐकत बसतो आणि संकेतांक कोणाच्याच कानावर पडत नाही. म्हणून कॉल वळवण्याच्या आधी त्या खात्याचा सहा अंकी पिन लावावा, खात्याला ईमेल जोडावा, आणि मोबाइल बदलायचा असेल तर तो आधी बदलून घ्यावा.

टप्पा ३: इंटरनेट आणि वीज

वेगाची चिंता लोक विनाकारण करतात. आवाज पाठवण्याच्या नेहमीच्या जी.७११ पद्धतीत एका कॉलला दोन्ही दिशांना प्रत्येकी साधारण ९० किलोबिट प्रतिसेकंद लागतात, म्हणजे आठ कॉल एकाच वेळी चालले तरी एक मेगाबिटसुद्धा पुरा लागत नाही. आवाज तुटतो तो पॅकेट (आवाजाचे इंटरनेटवरून जाणारे छोटे तुकडे) गळल्यामुळे आणि त्यांच्या येण्यातील अनियमिततेमुळे. गळती एक टक्क्याच्या आत, अनियमितता ३० मिलिसेकंदांच्या आत आणि एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असला की बोलणे स्वच्छ ऐकू येते.

चाचणी कामाच्या वेळेत, तारेने जोडलेल्या संगणकावरून घ्यावी. रविवारी सकाळी रिकाम्या कार्यालयात वायफायवर घेतलेल्या वेगचाचणीचा छापील कागद काहीच सिद्ध करत नाही. कमांड खिडकीत, विचारात असलेल्या सेवादात्याच्या सर्व्हरला सलग पंधरा मिनिटे पिंग (सर्व्हरकडून उत्तर येते का ते पाहणारी आज्ञा) चालू ठेवावा आणि शेवटी येणारी गळतीची टक्केवारी लिहून घ्यावी. ही चाचणी सकाळी अकरा, दुपारी चार आणि टॅलीचा बॅकअप वर चढत असताना अशा तीन वेळी घ्यावी. तिसऱ्या वेळचे आकडे बिघडले तर इंटरनेट बदलण्याची गरज नसते. बॅकअप आणि सीसीटीव्हीचे चित्रण रात्री चढवावे आणि राउटरमध्ये आवाजाच्या पॅकेटना प्राधान्य द्यावे. राउटरमधील सिप एएलजी ही, कॉलला मदत म्हणून त्याच्या पॅकेटमध्ये फेरफार करणारी सोय मात्र बंद करावी. नाव मदतीचे असले तरी एकतर्फी आवाजाच्या निम्म्या तक्रारी तिच्यामुळेच येतात.

दुसरी इंटरनेट लाइन आवश्यक आहे, पण दोन कंपन्यांच्या दोन फायबर एकाच खांबांवरून येत असतील तर ती एकच लाइन समजावी. जलवाहिनीसाठी रस्ता खोदणारे यंत्र कंपनी पाहून केबल तोडत नाही. दुसरी सोय वेगळ्या मार्गाने असावी. सिमकार्डवर चालणारा राउटर पुरतो, फक्त ज्या कंपनीचे सिम घ्यायचे तिचे नेटवर्क कारखान्याच्या आत, पत्र्याखाली, किती येते ते आधी तपासावे. खानापूरच्या पश्चिमेकडील जंगलपट्ट्यात पावसाळ्यात दोन्ही सोयी एकदम जाऊ शकतात. तिथल्या शाखेने एक जुनी तांब्याची लाइन चालत असेल तोवर सोडू नये.

विजेचा विचार सहसा सर्वांत शेवटी होतो. जुन्या लाइनला एक्स्चेंजमधूनच वीज मिळत असे, त्यामुळे लाइट गेली तरी साधा फोन चालत होता. आता फायबरची पेटी, राउटर, स्विच आणि फोनसंच या साखळीतील प्रत्येकाला स्वतंत्र वीज लागते. आठ फोनसंचांसह ही सगळी साखळी साधारण ६० ते ७० वॅट खाते, म्हणजे १५० एएच बॅटरीचा चांगल्या स्थितीतील साधा इन्व्हर्टर ती कामाचा पूर्ण दिवस सहज ओढतो. इन्व्हर्टरच्या मागे बटण असते, ते ‘यूपीएस’ बाजूला असल्याची खात्री करावी. ते दुसऱ्या बाजूला असेल तर वीज जाताच दिवे लुकलुकून लगेच चालू राहतात, पण राउटर पुन्हा सुरू होतो आणि दोन-तीन मिनिटे सगळे फोन मुके होतात. जनरेटर असणाऱ्यांनीही ही साखळी इन्व्हर्टरवरच ठेवावी.

तपासा: नवे फोन बसले की मुख्य स्विच पाडून कॉल चालू राहतो का ते पाहावे. नंतर फायबरची तार काढून दुसऱ्या लाइनवर फोन किती वेळात परत नोंदणी करतात (सर्व्हरशी पुन्हा जोडले जातात) ते घड्याळ लावून पाहावे. दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला तर नोंदणीचा कालावधी कमी करून घ्यावा.

टप्पा ४: सेवादाता आणि कागदपत्रे

आता कुठे सेवादाता निवडायची वेळ येते. दूरसंचार परवाना कोणाच्या नावावर आहे, करार संपल्यावर कॉलनोंदी आणि ध्वनिमुद्रणे कोणत्या स्वरूपात परत मिळतील, आणि बिल आपल्या योग्य जीएसटी क्रमांकावर येईल का, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत. तिसरा प्रश्न सीमाभागात महत्त्वाचा आहे: कारखाना बेळगावात आणि विक्री कार्यालय कोल्हापुरात असेल तर दोन्हीकडचे जीएसटी क्रमांक वेगळे असतात, कर्नाटकचा २९ ने आणि महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. सगळी बिले एकाच क्रमांकावर पडली की वर्षाअखेरीस लेखापाल आणि सेवादाता यांच्यात पत्रव्यवहार सुरू होतो.

अर्ज परत येण्याचे एक स्थानिक कारणही आहे. शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ रोजी बदलून ‘बेळगावी’ (Belgaum चे Belagavi) झाले. त्याआधीच्या भागीदारीपत्रावर, कारखान्याच्या परवान्यावर किंवा वीजबिलावर जुने स्पेलिंग असते आणि जीएसटी प्रमाणपत्रावर नवे. पडताळणी करणारा माणूस बाहेरगावचा असेल तर त्याला ती दोन शहरे वाटतात. सर्व कागदांवरचा पत्ता ओळीने ताडून पाहावा आणि फरक असेल तर तसे एका ओळीचे पत्र अर्जासोबत जोडावे.

ग्राहकांना एसएमएस पाठवायचे असतील तर डीएलटी नोंदणी (व्यावसायिक एसएमएससाठी दूरसंचार कंपन्यांकडे करायची नोंदणी) लगेच सुरू करावी. संस्था, पाठवणाऱ्याचे शीर्षक आणि मजकुराचा नमुना या तिन्हींना स्वतंत्र मंजुरी लागते.

फोनसंचांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. टेबलावर बसणाऱ्यांना तारेचा संच, फिरणाऱ्यांना मोबाइल ॲप आणि मोल्डिंग शॉपमध्ये जुनाच साधा फोन ॲडॅप्टरवर, एवढे पुरते. वाळू आणि ग्रॅफाइटच्या धुळीत महागडा पडद्याचा फोन टिकत नाही. ॲप वापरणाऱ्यांच्या मोबाइलमध्ये बॅटरी बचतीतून त्या ॲपला वगळावे आणि आपोआप सुरू होण्याची परवानगी द्यावी. नाहीतर खिशात गेलेला फोन दहा मिनिटांनी वाजणेच बंद करतो.

टप्पा ५: क्रमांक फिरवण्याचे नियम आणि आवाजी सूचना

जुन्या ईपीएबीएक्सवर बाहेरची लाइन घेण्यासाठी आधी शून्य दाबावे लागत असे. त्यातच १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना क्रमांकाआधी शून्य लावणे आवश्यक झाले, म्हणून कर्मचाऱ्यांच्या बोटांना दोन शून्यांची सवय लागली आणि संचांच्या स्मृतीतही क्रमांक तसेच साठवले गेले. क्लाउडवर बाहेरच्या लाइनचा पहिला शून्य लागत नाही. दोन शून्ये दाबली की नव्या प्रणालीला ती परदेशी कॉलची सुरुवात वाटते आणि कॉल नाकारला जातो किंवा, परदेशी सेवा चालू असेल तर, भलतीकडे जातो. सेवादात्याला सांगून नियम असा बसवून घ्यावा की सुरुवातीला कितीही शून्ये आली तरी दहा अंकी देशी क्रमांक नीट ओळखला जाईल, आणि परदेशी कॉल फक्त निर्यात विभागाच्या ठरावीक एक्स्टेंशनवरूनच लागतील. हा दुसरा भाग पैशाशी संबंधित आहे: चोरलेल्या पासवर्डवरून रात्रभर परदेशी कॉल करून बिल फुगवण्याचे प्रकार जगभर होतात.

आवाजी सूचना थोडक्यात असाव्यात. भाषेचा क्रम ठरवताना वाद घालण्यापेक्षा पहिल्या टप्प्यातील वही उघडावी. तिच्यात कन्नड, मराठी आणि हिंदी कॉलचे प्रमाण लिहिलेले असते. आवाज इथल्याच माणसाचा असावा. यंत्राने वाचलेली मराठी आणि त्याच यंत्राची कन्नड ऐकून ग्राहक गोंधळतो, शिवाय ‘संकेश्वर’ आणि ‘हुक्केरी’ या नावांची यंत्र जी वाट लावते ती ऐकवत नाही. दोनपेक्षा जास्त पायऱ्या नसाव्यात आणि काहीही न दाबणारा माणूस दहा सेकंदांत स्वागतकक्षातील बाईंकडे पोहोचलाच पाहिजे. वयस्कर विक्रेते बटण दाबत नाहीत, ते ‘हॅलो, हॅलो’ म्हणत राहतात.

कॉल ध्वनिमुद्रित होत असेल तर तशी सूचना सुरुवातीलाच द्यावी आणि मुद्रण किती दिवस ठेवायचे, कोणी ऐकायचे, हे लेखी ठरवावे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये झालेला आहे, आणि ग्राहकाचे नाव, क्रमांक, आवाज या सगळ्या गोष्टी वैयक्तिक माहितीतच मोडतात.

सावधान: आपत्कालीन ११२ क्रमांक या सेवेवरून लागतो का, हे प्रत्यक्ष फिरवून पाहू नये, सेवादात्याकडून लेखी घ्यावे. लागत नसेल तर प्रत्येक संचाजवळ ‘आपत्कालीन कॉल मोबाइलवरून करावा’ अशी चिठ्ठी कन्नड आणि मराठीत चिकटवावी.

टप्पा ६: दोन्ही व्यवस्था समांतर चालवणे

सगळे फोन एका दिवसात हलवू नयेत. आधी खरेदी आणि स्टोअर, मग लेखा, मग विक्री आणि सर्वांत शेवटी स्वागतकक्ष असा क्रम ठेवावा, कारण खरेदी विभागात चूक झाली तर पुरवठादार पुन्हा फोन करतो. विक्रीत झाली तर ग्राहक दुसऱ्याला फोन करतो. मार्चअखेर, गणपतीचा आठवडा आणि दिवाळीचे पंधरा दिवस टाळावेत. सुरुवात मंगळवारी करावी, म्हणजे दुरुस्तीसाठी तीन-चार कामाचे दिवस हातात राहतात.

प्रत्येक विभाग हलवल्यावर त्याच दिवशी पुढील कॉल करून निकाल कागदावर लिहावा: बीएसएनएल लँडलाइनवरून, तिन्ही मोठ्या खासगी मोबाइल कंपन्यांवरून, सीमेपलीकडील चंदगड किंवा कोल्हापूरहून, गोव्याहून आणि निर्यात असेल तर परदेशातून. प्रत्येक कॉलमध्ये दोन्ही बाजूंचा आवाज, होल्ड, दुसऱ्या एक्स्टेंशनला देणे आणि बटण दाबल्याची ओळख अशा चार गोष्टी पाहाव्यात. कॉल किमान पाच मिनिटे चालू ठेवावा.

दोष कोणत्या वेळी दिसतो यावरून कारणाचा माग लागतो. उचलल्यावर एकाच बाजूचा आवाज येत असेल तर राउटरमधील पत्तेबदल किंवा तीच सिप एएलजी पाहावी. प्रत्येक कॉल साधारण ३० सेकंदांनी तुटत असेल तर उत्तर मिळाल्याची पोच सर्व्हरपर्यंत जात नाही, म्हणजे दोष पुन्हा राउटरच्याच बाजूला आहे. बरोबर पंधरा किंवा तीस मिनिटांनी तुटत असेल तर तो सत्राच्या मुदतीचा प्रश्न आहे आणि तो सेवादात्याने सोडवायचा असतो. ‘कधी कधी तुटतो’ एवढ्या तक्रारीवर कोणीही काही करू शकत नाही. वेळ, क्रमांक आणि किती सेकंदांनी तुटला, हे तीन रकाने भरूनच तक्रार द्यावी.

तपासा: मुख्य जुन्या लाइनवर एक साधा फोन स्वागतकक्षात जोडलेलाच आहे ना? कॉल वळवणे बंद केले की तो लगेच वाजला पाहिजे. परतीची ही वाट बिलाचा एक पूर्ण महिना उलटेपर्यंत मोकळी ठेवावी.

टप्पा ७: मेल

फोन स्थिरावल्याशिवाय मेलला हात लावू नये, कारण मेल अडकला तर त्याची तक्रार फोनवरच येणार आहे. तारीख ठरवताना जीएसटी विवरणपत्रांचे ११ ते २० तारखांमधले दिवस सोडावेत; त्या काळात पोर्टलचे ओटीपी याच मेलवर येत असतात.

पहिला प्रश्न: डोमेन (मेलच्या पत्त्यात @ नंतर येणारे नाव) कोणाच्या नावावर आहे? अनेक ठिकाणी ते संकेतस्थळ करून देणाऱ्या मुलाच्या खात्यात असते, आणि तो मुलगा आता पुण्यात नोकरी करत असतो. डोमेन कंपनीच्या स्वतःच्या खात्यात, मालकाच्या वैयक्तिक मेल आणि मोबाइलवर आल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्या खात्याचा संपर्क मेल याच डोमेनवरचा असू नये, हे सांगावे लागते याचे वाईट वाटते, पण सांगावे लागते.

दुसरा प्रश्न: जुने मेल कुठे आहेत? पॉप पद्धतीने (मेल संगणकावर उतरवून घेऊन) आउटलुक वापरणाऱ्यांचे मेल सर्व्हरवर नसतात. ते त्या एका संगणकाच्या डिस्कवर, एका पीएसटी फाइलमध्ये असतात. सर्व्हरवरून सर्व्हरवर नकल करणारे साधन अशा वेळी ‘काम पूर्ण’ म्हणते आणि नव्या पेटीत मागच्या आठवड्याचेच मेल दिसतात. प्रत्येक संगणकावरील पीएसटी शोधून, आउटलुक बंद करून, तिची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि मगच ती नव्या पेटीत चढवावी. दहा वर्षांच्या ड्रॉइंगांनी फुगलेली फाइल चढायला रात्रही पुरत नाही, म्हणून हे काम आठवडाभर आधी सुरू करावे.

मग प्रत्यक्ष बदल या क्रमाने करावा:

१. डीएनएसमधील (डोमेनचे मेल आणि संकेतस्थळ कुठे आहे ते सांगणाऱ्या यादीतील) सर्व नोंदींचे छायाचित्र घ्यावे.
२. बदलाच्या दोन दिवस आधी एमएक्स नोंदीचा (मेल कोणत्या सर्व्हरवर जावा ते सांगणाऱ्या नोंदीचा) टीटीएल, म्हणजे इतरांनी ती नोंद लक्षात ठेवण्याचा काळ, ३०० सेकंदांवर आणावा.
३. नव्या ठिकाणी सर्व पेट्या आणि ‘विक्री’, ‘लेखा’ यांसारखे सामाईक पत्ते आधी तयार करावेत. विसरलेल्या पत्त्यावर आलेला मेल थेट परत जातो.
४. शनिवारी संध्याकाळी फक्त एमएक्स बदलावा. नेमसर्व्हर (ही सगळी यादी ठेवणारे सर्व्हर) बदलू नयेत. ते बदलले की संकेतस्थळही बंद पडते आणि दोन दोष एकाच वेळी शोधावे लागतात.
५. एसपीएफ नोंद (आपल्या नावाने मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात ते सांगणारी) सुधारावी. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. जुनीच्या खाली दुसरी जोडली की दोन्ही निकामी ठरतात. तिच्यातील डीएनएस शोधांची संख्या दहाच्या आत ठेवावी.
६. डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) चालू करावे, आणि डीमार्क (तपासणीत न बसणाऱ्या मेलचे काय करावे ते सांगणारी नोंद) आधी फक्त अहवालापुरते लावावे. काही आठवडे अहवाल स्वच्छ आले की कडक करावे.
७. जुन्या होस्टिंगच्या सीपॅनेलमध्ये (संकेतस्थळाच्या नियंत्रण पानावर) मेलची दिशा ‘रिमोट’, म्हणजे बाहेरच्या सर्व्हरकडे, करावी.

सातवी पायरी बहुतेक सगळे विसरतात. ती राहिली तर बाहेरचे मेल नव्या पेटीत नीट येतात, पण संकेतस्थळावरील चौकशीचा अर्ज मात्र त्याच सर्व्हरवरच्या जुन्या पेटीत पडत राहतो. कोणतीही चूक दिसत नाही, फक्त चौकश्या येणे बंद होते आणि सगळे मंदीला दोष देतात.

सोमवारी सकाळी माणसांच्या आधी यंत्रांकडे पाहावे: स्कॅन करून मेल पाठवणारा प्रिंटर, टॅलीमधून जाणारी बिले, हजेरीच्या यंत्राचा अहवाल. यांच्यात जुना सर्व्हर आणि जुना पासवर्ड लिहिलेला असतो. नव्या सेवेत साधा पासवर्ड बहुधा चालत नाही, वेगळा ॲप पासवर्ड किंवा रिले (यंत्राचा मेल पुढे पाठवणारा सर्व्हर) लागतो.

तपासा: बँक, जीएसटी, ई-वे बिल आणि निर्यातदारांनी विदेश व्यापार महासंचालनालयाच्या पोर्टलवरून प्रत्येकी एक ओटीपी मागवून तो नव्या पेटीत आल्याची खात्री करावी. जुन्या पेट्या किमान महिनाभर उघड्या ठेवून रोज एकदा पाहाव्यात.

टप्पा ८: जुने बंद करणे

पहिल्या टप्प्यातील यादी पुन्हा काढावी आणि ‘सोडायची’ असे लिहिलेल्या लाइनी एकेक करून बंद कराव्यात. एका वेळी एकच अर्ज द्यावा, आणि पुढचा अर्ज देण्याआधी आठवडाभर थांबावे. कोणत्या लाइनवर काय टांगलेले राहिले होते, हे त्या आठवड्यातच कळते. हंटिंगमधील (एक व्यस्त असली की कॉल आपोआप पुढच्या लाइनवर जाणाऱ्या गटातील) लाइनी सोडताना मुख्य क्रमांक त्या गटाचा पहिला असेल तर गट मोडल्यावर तो स्वतंत्रपणे वाजतो का, ते लगेच पाहावे. प्रत्येक बंद लाइनची अनामत परत मागावी, थकबाकी नसल्याची पावती घ्यावी आणि बँकेतील आपोआप भरणा थांबवावा.

भिंतीवरची पेटी भंगारात देण्यापूर्वी तिच्यातील कॉलनोंदी आणि साठवलेले संदेश पुसावेत. शिसे-आम्लाची बॅटरी असेल तर ती जुन्या बॅटऱ्या परत घेणाऱ्या विक्रेत्याकडेच द्यावी.

मुख्य क्रमांकाची जी एक लाइन ठेवली आहे, तिच्यावर आता कोणी बोलत नसल्यामुळे तिचे बिल कोणाच्याच लक्षात राहत नाही. त्या बिलाचा आपोआप भरणा मात्र चालू ठेवावा आणि सूचनेचा मोबाइल क्रमांक लेखापालाचा द्यावा, कारण थकबाकीत तुटलेल्या लाइनचा क्रमांक मुदत उलटल्यावर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो.